गाशा वाळेपर्यंत

घोडी रिठ्याचं पाणी प्यायली, तिथून हे सगळं सुरू झालं.

सोजर परसात, भिंतीला लागून असलेल्या दगडी डोणीपाशी बसली होती. डोणीत कोमट पाणी, पाण्यावर रिठ्याचा फेस आणि फेसात बुडवलेला कुणा फौजदाराचा गाशा. गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवर जिनाखाली घालायचं मेंढीचं कातडं. त्याची लोकर कापत नाहीत, तशीच राखतात, आणि ती बाजू घोड्याच्या अंगाकडं येते. त्यामुळं जीन घोड्याला टोचत नाही. पण घोड्याचा घाम, गळलेले केस, रस्त्याची धूळ असं सगळं त्या लोकरीत जाऊन बसतं. ते काढणं हे रावजी जीनगरांच्या घरात सोजरचं काम होतं. वडील जीन शिवायचे, लेक गाशे धुवायची.

मागं चप् चप् आवाज झाला. कुत्रं असेल म्हणून तिनं वळून पाहिलं, तर बुटक्या भिंतीवरून मान आत घालून एक तांबूस, कुमैत घोडी निवांत डोणीतलं पाणी पीत होती. सोजर ओरडली तशी घोडीनं तोंड वर केलं. हनुवटीला पांढरी दाढी! मग ती जोरात फुरफुरली, आणि ती दाढी तुकड्यातुकड्यांनी सोजरच्या केसांवर, गालावर, लुगड्यावर येऊन बसली.

"मैना! अगं ए—" भिंतीपलीकडून आवाज आला. "अहो, ते पाणी विषारी नाही ना?"

"रिठा हाय," सोजर गाल पुसत म्हणाली. "मरायची न्हाय. पोट मातुर धुऊन निघंल."

"आणि माझं काय?"

"तुमी बी प्यालासा काय?"

भिंतीपलीकडून आधी हसणं आलं, मग माणूस. पंचविशीचा असेल. खाकी कोट, हातात साहेबी टोपी, काखेत गुंडाळलेला गाशा. टोपीनं झाकलं जाणारं कपाळ उजळ आणि त्याखालचा चेहरा उन्हानं रापलेला. मधे पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. ती रेघ बघून सोजरला हसू फुटलं, आणि ते लपवायला तिनं पुन्हा डोणीत हात घातले.

"रावजी जीनगरांचं दुकान हेच ना?"

"दुकान पुढच्या अंगाला. ह्ये परस हाय."

"मी पुढूनच येणार होतो. हिनं ऐकलं नाही."

"मग घोडी तुमची, का तुमी घोडीचं?"

"ते अजून ठरायचं आहे," तो म्हणाला.

हात पदराला पुसून तिनं गाशा मागून घेतला. लोकर वर करून मांडीवर पसरला आणि नेहमीच्या सवयीनं दोन्ही तळवे एकदम, दोन्ही बाजूंनी फिरवले. उजवीकडं लोकर अजून उभी होती, बोटांतून निसटत होती. डावीकडं मात्र ती दबून, गुंतून नमद्यासारखी चपटी, घट्ट झाली होती.

"तुमी डावीकडं कलून बसता."

"मी?"

"न्हायतर घोडी वाकडी चालत असंल. पर ती सरळ हुबी हाय की. कलता तुमीच."

तो गोंधळला. मग थोडा विचार करून म्हणाला, "रोज सकाळी एकरूखच्या तलावापासून पाटाच्या कडेनं जातो. पाणी कुठं फुटलं, कुठं चोरलं ते बघत. पाट डाव्या हाताला असतो. म्हणून मान डावीकडं—" आणि थांबून, ठासून: "मान. अंग नाही."

"अंग मानंच्या मागनं जातंय. आणि घोडीची पाठ बी डावीकडंच सोलली असंल."

मैनेच्या पाठीवरचं फडकं त्यानं उचललं. डाव्या खांद्याच्या मागं रुपयाएवढी लाल जागा होती. तिच्यासाठीच तो आला होता.

"माणूस न बघता ओळखलंत," तो हळू म्हणाला.

"माणूस आत्ता बघितला," सोजर म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच कळेना की ह्यात लाजण्यासारखं काय होतं.

सात रस्त्याच्या अलीकडं रावजींचं दुकान होतं. कचेऱ्या, साहेबांचे बंगले जवळ, म्हणून आजवर घोड्यांची कामं येत राहिली होती. आता बंगल्यांतून मोटारी येऊ लागल्या होत्या, आणि मोटारीला गाशा लागत नाही. म्हणून असेल, पण आलेला प्रत्येक गाशा रावजी दोन्ही हातांत घेऊन बघत. हा तर त्यांनी फारच वेळ बघितला. काठाचा टाका नखानं चाचपला, उलटून परत चाचपला.

"कुठलं म्हणायचं आपण?"

"करमाळ्याचा. मार्तंड नवगिरे. कालव्याच्या कचेरीत ओव्हरसियर आहे. आता बदली झाली, माळशिरसला. नीरेचा नवा पाट चाललाय तिकडं. हा धुऊन, वाळून हाती आला की मैनेवर जीन घालायचं आणि निघायचं."

"करमाळ्याचं," रावजी म्हणाले. "हं." आणि पुन्हा त्या टाक्याकडं बघत राहिले.

दाराआडून रावजींची बहीण मथुराबाई हे ऐकत होती. नवरा वारल्यापासून ती ह्याच घरात होती आणि घरातल्या कुठल्याही गप्प बसण्याचा अर्थ तिला कळत असे. ह्या "हं"चा अर्थ मात्र त्या दिवशी तिलाही लागला नाही.

*

गाशा धुणं म्हणजे लुगडं धुणं नव्हे. सोजरनं आधी तो उलटा टांगून वेताच्या छडीनं हलके झोडला; धूळ मोकळी झाली. मग मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी लावून पाहिलं. तिथं गरम लागलं तर ते पाणी कातड्याला जास्त, कातडं आखडतं. सोडा तर घरात आणायचाच नाही; सोड्यानं लोकर पांढरी होते खरी, पण पुढं तुटत जाते. रिठ्याच्या पाण्यात तिनं लोकर दाबली, सोडली, दाबली, सोडली. पाणी आधी चहासारखं आलं, मग ताकासारखं, मग नितळ. गाशा पिळायचा नसतो. दोन फळ्यांमधे दाबून तिनं पाणी काढलं, कातड्याच्या बाजूनं तुरटी आणि मीठ चोळलं, आणि परसातल्या कडुलिंबाखाली बाजेवर, सावलीत, पसरून टाकला.

मग राहतं ते वाळवणं. त्यात घाई करता येत नाही. मधून मधून चारी बाजूंनी ओढ द्यायची, म्हणजे कातडं लाकडासारखं होत नाही. आणि वाळला का नाही, ते बोटांनी बघायचं नाही. बोटांना सगळं सारखंच लागतं. लोकर गालाला लावायची. ओल थोडी जरी उरली असली तरी गालाला गार लागते.

श्रावण उजाडायचा होता. आभाळ रोज भरून यायचं, सोलापूरवरून तसंच पुढं निघून जायचं, आणि कोरडा वारा तेवढा मागं राहायचा. अशा वाऱ्यात गाशाला किती दिवस लागणार?

मार्तंड रोज संध्याकाळी यायचा. मैनेवर जीन घालायचं नव्हतं, म्हणून लगाम धरून पायी. सोजर मैनेच्या पाठीला हळद आणि खोबरेल लावायची. तो लगाम धरून उभा राहायचा, जणू मैना पळून जाणार होती. मैना उभ्या उभ्या झोपायची.

"आज कसा आहे?" तो विचारायचा.

"कोण?"

"गाशा."

"आदी घोडीचं इचारायचं असतंय."

"घोडी समोर दिसते आहे. बरी दिसते आहे. ... सगळंच बरं दिसतंय इथं."

"ओवरशेरसाहेब, पाटाचं पाणी असंच मोजता काय? नुसतं बघून?"

"पट्टी लावून मोजतो," तो गंभीरपणे म्हणाला. "पण पट्टी सगळीकडं लावता येत नाही."

आतून मथुराबाईनं भांडं आपटलं. जरा जास्तच जोरात.

तिसऱ्या संध्याकाळी सोजरनं गाशा गालाला लावून पाहिला. काठ कोरडे होते. मधे, कण्याच्या जागी, अजून थोडं गार लागत होतं.

"बघू?" असं म्हणत त्यानं गाशा घेतला, आणि जिथं तिचा गाल होता नेमक्या त्याच जागी स्वतःचा गाल टेकवला. डोळे मिटले. सोजरला वाटलं, आपल्या गालालाच काही तरी लागलं. ती मैनेच्या पलीकडं गेली आणि नसलेल्या गोचड्या शोधू लागली.

"उद्या वाळेल," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

"वाळंल."

"म्हणजे परवा निघायला हवं."

"निघा की," ती म्हणाली. मैनेच्या कानाआड तिचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिंबाखाली गेली. गाशा ऊबदार होता. गालाला लावला, कुठंच गार लागेना. लोकर फुलून आली होती, धुतल्यावर नव्या मेंढरासारखी येते तशी. कुठल्याही दिवशी तिला ह्याचा अभिमान वाटला असता. आज तिला वाटलं, हा मेला इतक्या लवकर कसा वाळला?

शेजारी मैनेसाठी आदल्या संध्याकाळी भरलेली पाण्याची बादली होती. सोजरनं दारात आत्या नाही हे पाहिलं. मग बादलीत हात बुडवला आणि बोटं झटकली. एकदा. ... आणखी एकदा.

"आज हवा दमट हाय," संध्याकाळी ती म्हणाली.

त्यानं गाशा गालाला लावला. खालून, कातड्याच्या बाजूनंही हात फिरवून पाहिला. क्षणभर तिच्याकडं बघितलं.

"हो," तो म्हणाला. "फारच दमट आहे."

त्या रात्री तिला उशिरा झोप लागली आणि सकाळी लवकर जाग आली. पुन्हा बादली, पुन्हा हात. तिला कळत होतं की हे चुकतंय. पण एका संध्याकाळचं मोल ओंजळभर पाणी असेल तर ते कोण देणार नाही? त्या संध्याकाळी त्यानं करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळातल्या विहिरीचं सांगितलं, पायऱ्या उतरत गेलं की भर उन्हाळ्यात कशी थंडी वाजते ते. दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्याला कातडं टोचायच्या आरीला मेण कसं लावतात ते दाखवलं, आणि त्यानं ते पहिल्याच फटक्यात इतकं नीट लावलं की ती बघत राहिली. तिसऱ्या संध्याकाळी दोघं फारसं बोललेच नाहीत. लगाम कधी त्याच्या हातात होता, कधी तिच्या, आणि मैना मधे उभी होती.

"तो गाशा वाळत न्हाय का तुला वाळवायचा न्हाय?" रात्री भाकरी थापताना मथुराबाईनं विचारलं.

"हवा दमट हाय, आत्या."

"व्हय बाई. निस्ती आपल्या लिंबाखालीच दमट हाय. माजी तांबडी मिरची दोन दिवसात खडखडीत वाळली."

सोजरनं चुलीत काटकी सारली.

"त्यो सरकारी माणूस हाय, सोजरे. आज हितं, उद्या तितं. गाशा गुंडाळायला त्येला कितीसा येळ लागतोय?" मथुराबाईचा आवाज खाली आला. "पाणी शिंपडून माणूस थांबत न्हाय गं."

*

आणि मग व्हायचं ते झालं.

सकाळी लोकर विंचरायला सोजरनं लाकडी फणी फिरवली. फणी अडकली. तिनं हलकंच ओढली, आणि मूठभर लोकर फणीबरोबर निघून आली. तुटली नव्हती, मुळापासून सुटली होती. खालचं कातडं चिकट, निळसर. तिनं नाक जवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं.

रोजच्या पाण्यानं तुरटी धुऊन गेली होती. रात्री उंदरांच्या भीतीनं ती गाशा घडी करून ठेवायची. त्या उबेत, त्या ओलीत कातडं कुजलं होतं. रावजी जीनगरांच्या घरात गाशा कुजला! कुणी सांगितलं असतं तर तिनंच त्याला वेड्यात काढलं असतं.

संध्याकाळी मार्तंड आला, नेहमीसारखा, लगाम धरून, काहीतरी गमतीचं बोलायला ओठ उघडून. तिनं बोलू दिलं नाही. मूठ पुढं केली आणि उघडली.

"लोकर सुटली," ती म्हणाली. "हवा दमट न्हवती. मी पाणी शिंपडत हुते... रोज सकाळी."

तो त्या लोकरीकडं बघत राहिला. 'का' म्हणून त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

ते ऐकून ती चमकली. शब्दांनी, आणि बोलीनंही. कचेरीची भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती.

"पैल्याच दिवशी कळलं. लोकर वरनं वली, कातडं खालनं कोरडं. हवा कितीबी दमट असू दे, अशी एकाच अंगानं बसत न्हाय."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"जीनगराच्या घरात जलमलोय, सोजर. आरी सोडली आन् मोजायची साखळी धरली, एवढंच. ह्यो गाशा माज्या आज्ज्यानं केलेला. त्यानं केलेला शेवटचा."

सोजरनं हातातल्या लोकरीकडं पाहिलं.

"आज्ज्याचा... आणि तुमी गप बसलासा? माजं सोडा, मी येडी. तुमाला कळत हुतं की!"

"कुजंल असं वाटलं न्हवतं. एक दिवस, फार तर दोन..." त्यानं टोपी काढली. कपाळावरची ती रेघ एकदम पोरकट दिसायला लागली. "रोज यायचो तवा एकच बघायचो. आज बी शिंपडलंय का. शिंपडलेलं असलं की जीव भांड्यात पडायचा."

तिला रडू आलं, आणि रडता रडता अंगभर काहीतरी पसरत गेलं, तेही थांबेना.

"आज्जा असता तर काय म्हणाला असता?" तिनं विचारलं.

लोकरीचा पुंजका त्यानं तिच्या तळहातावरून उचलला आणि खिशात ठेवला.

"पैल्यांदा मला मारला असता," तो म्हणाला. "मग हसला असता. आज्जीच्या बापाचं जीन त्यानं तीनदा उसवून शिवलं हुतं. दरखेपेला म्हणायचा, टाका ढिला पडलाय."

कुणीतरी खाकरलं. रावजी दारात उभे होते. केव्हापासून, ते कुणालाच कळलं नाही. ते पुढं आले, कुजलेला गाशा उचलला, वास घेतला, आणि लेकीकडं असं बघितलं की तिनं मान खाली घातली.

"घोडीची पाठ?"

"भरत आलीया, बाबा. पर अजून नाजूक हाय."

"मग तिच्यावर जीन चढायचं न्हाय. निस्त्या घोंगडीवर माळशिरसपतोर नेली तर सगळी पाठ जाईल." ते मार्तंडकडं वळले. "तुमी रेल्वेनं कुर्डुवाडीला जावा, तितनं पुढं बघा. घोडी हितं ऱ्हाईल. नवा गाशा झाला की येऊन न्या."

"काका, मला तुमच्याशी—"

"घोडी न्यायला याल तवा," रावजी म्हणाले. "आत्ता न्हाय. माणूस गेल्यावर खरं काय ते कळतं."

तो गेला. सात रस्त्याच्या वळणापर्यंत दोनदा वळून बघितलं, डावीकडून. सोजर मैनेचा लगाम धरून उभी होती. पहिल्यांदाच लगामाच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

*

श्रावण आला. मैनेची पाठ पूर्ण भरली. लाल जागेवर आधी काळी कातडी आली, मग पांढरे केस उगवले. घोड्याला जिथं लागलेलं असतं तिथं केस पांढरे येतात आणि ते मग जात नाहीत. सोजर त्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "तुज्याकडं खूण तरी हाय बाई."

संध्याकाळ झाली की मैना भिंतीकडं तोंड करून कान टवकारायची. बाहेरून पायांचा आवाज आला की दोघींचे कान एकदम उभे. टांगेवाला असायचा, कापड गिरणीतून सुटलेला कुणी असायचा. मग मैना मान खाली घालायची. सोजरला तेवढी सोय नव्हती. मथुराबाई बघत असायची.

"तितं दुसरी घोडी घेतली असंल त्येनं," मथुराबाई एकदा म्हणाली, आणि सोजरचा चेहरा बघून लगेच, "न्हायतर नसंल बी घेतली," असं म्हणून आत गेली.

कुजलेला गाशा सोजरनं टाकला नाही. काठाची पट्टी अजून धड होती. मार्तंडच्या आजोबांचा एकेक टाका तिनं सुईच्या टोकानं न तोडता मोकळा केला, पट्टी वाळवली, तीळतेल चोळून जपून ठेवली. ते करताना तिला कळलं की करमाळ्याचा टाका आपल्यासारखा नाही. दर चौथा टाका मागं येऊन पुढच्याला धरून ठेवतो. पहिल्या दिवशी बाबा नखानं काय चाचपत होते ते तिला आत्ता उमगलं. तो जीनगराच्या घरचा हे बाबांना तेव्हापासून ठाऊक होतं तर.

भाद्रपदात एका दुपारी ज्ञानबा नावाचा माळशिरसकडचा धनगर दुकानापुढं आला. खांद्यावर मीठ लावून गुंडाळलेलं कातडं.

"रावजी जीनगर तुमीच का? ओवरशेरसायबानं दिलंय. माजा आख्खा कळप फिरला वो त्यो. दर मेंढराच्या डाव्या अंगात बोटं घालून बघत हुता. म्या म्हणलं सायेब, मेंढराला दोनी अंगं सारखीच असत्यात! तर हसला."

सोजर दाराआड उभी होती. तिनं चौकट धरली.

"आनी निरोप हाय," ज्ञानबा डोकं खाजवत म्हणाला. "मला काय कळला न्हाय. म्हणला, ह्या खेपंला पाणी शिंपडू नका म्हणाव. लवकर वाळू द्या."

ते कातडं सोजरनं कमावलं तसं तिनं कुठलंच कमावलं नव्हतं. मीठ झाडलं, धुतलं, मांसाच्या बाजूचा पापुद्रा रापीच्या पात्यानं काढला, तुरटी लावली, ताणलं. मग ते उजेडाकडं धरून तिनं लोकरीचा भर पाहिला आणि गाशा असा बेतला की दाट लोकर डाव्या बाजूला यावी. रावजींनी ते पाहिलं. जीनगर दोन्ही बाजू सारख्या राखतो, हा पहिला धडा. तरी त्यांनी रापी तिच्याच हाती राहू दिली. काठाला तिनं करमाळ्याची जुनी पट्टी लावली, त्याच चौथ्या टाक्यानं. आणि वाळवताना दर थोड्या वेळानं लिंबाखाली जाऊन गाल टेकवायची. आता गार लागलं की तिला राग यायचा.

*

दसऱ्याच्या सकाळी दुकानात आऱ्या-राप्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. मैनेच्या गळ्यात झेंडूची माळ होती, तिच्यातली खालची फुलं तिनं एव्हाना खाल्ली होती. खाता खाता तिचं तोंड थांबलं. कान पुढं झाले. मग ती अशी खिंकाळली की मथुराबाईच्या हातातलं ताट वाजलं.

तो भिंतीपलीकडं उभा होता. पायी, धुळीनं माखलेला. कपाळावरची रेघ आणखी ठळक झालेली.

"पुढच्या दारानं या की," सोजर म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"मला परसच ठावं हाय," तो म्हणाला.

रावजींनी गाशा आणून त्याच्या हातात दिला. "घ्या. तयार हाय. घोडीची पाठ बी भरली."

त्यानं आधी काठ बघितला. चौथ्या टाक्यावर बोट थांबलं, आणि बराच वेळ त्याला वर बघता आलं नाही. मग लोकरीवर दोन्ही तळवे एकदम फिरवले, अगदी जीनगरासारखे.

"डावीकडं दाट हाय."

"तुमी कलता म्हणून," सोजर हळूच म्हणाली.

"म्हंजे कललेलं चालंल?"

"कला तिकडं. कुणाला लागणार न्हाय आता."

मथुराबाई त्याच्यासाठी गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मार्तंडनं तांब्या घेतला. प्यायला नाही. बोटं पाण्यात बुडवली आणि सगळ्यांच्या देखत, शांतपणे, नव्या कोऱ्या गाशावर पाणी शिंपडलं. एकदा. ... आणखी एकदा.

"काका," तो म्हणाला, "अजून वला दिसतोय. वाळंपतोर थांबावं लागंल मला."

"अगं बया!" मथुराबाईनं तोंडाला पदर लावला.

रावजींनी गाशा परत घेतला. दाढीच्या खुंटांनी भरलेला गाल लोकरीला लावला, डोळे मिटले, जणू कुण्या साहेबाच्या जिनाची परीक्षा चालली होती.

"व्हय की," ते म्हणाले. "वलाच हाय." मग त्यांनी वर लिंबाकडं पाहिलं, अंगणाकडं पाहिलं. "उनात घालायचा न्हाय ह्यो. आन् लिंबाची सावली दिसभर एका जागी ऱ्हात न्हाय." ते बहिणीकडं वळले. "मथुरे, दारात मांडवच घालावा लागंल बघ."

मैना पुन्हा फुरफुरली. सोजरनं वडलांच्या हातातून गाशा ओढून घेतला आणि त्यात तोंड लपवलं — ओला आहे का ते बघत होते, असं तिनं आत्याला नंतर सांगितलं.